माणशी दोन चमचे

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात जेवढी पाकिटं, डबे, बरण्या आणि बाटल्या वाचून काढल्या, तेवढी पुस्तकं आमच्या अख्ख्या तालुक्यात मिळून कोणी वाचली नसतील, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. वाचलं म्हणजे नुसतं वरचं नाव आणि किंमत नव्हे. पाकिटाच्या मागच्या बाजूला, दुमडीत दडलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा जो चौकोन असतो, ज्यात ऊर्जा, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं आणि सोडियम अशी मंडळी एकाखाली एक बसलेली असतात, तो चौकोन. मामा तो उभे राहून वाचत. आधी चष्मा पुसायचा, मग सदऱ्याच्या खिशातून भिंग काढायचं, खिडकीकडे तोंड करायचं, घसा साफ करायचा आणि सरकारी परिपत्रक वाचावं तशा आवाजात सुरुवात करायची. वाचन पुरं होईपर्यंत पाकीट फोडायचं नाही, हा घरचा नियम होता. त्यामुळे त्यांच्याकडे चहाला गेलेल्या माणसाला बिस्किट मिळायचं ते चहा निवल्यावरच. एरवी घरात पक्के मालवणी बोलणारे मामा वाचताना मात्र कचेरीच्या मराठीत शिरत. ओरोसच्या जिल्हा कचेरीतल्या, रेशनचं काम बघणाऱ्या पुरवठा शाखेतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि तिथली भाषा त्यांच्या जिभेवरून काही निवृत्त झाली नव्हती. पदार्थात एखादी वस्तू नसली की ते 'नाही' म्हणत नसत, 'निरंक' म्हणत. "कोलेस्टेरॉल, निरंक," असं म्हणून त्यांनी भिंगावरून आमच्याकडे बघितलं की आपल्या हातून काहीतरी पुण्य घडलं असं वाटायचं.

मालवणच्या बाजारपेठेतल्या वाण्याने तर त्यांच्यासाठी दुकानाच्या उजेडाच्या बाजूला जागाच राखून ठेवली होती. घाई असलेलं गिऱ्हाईक डावीकडून आणि मामा उजवीकडून, अशी व्यवस्था. कुडाळला आमच्याकडच्या एका लग्नात आइस्क्रीमचे कप वाटले, तेव्हा सगळ्यांनी झाकणं काढून टाकली आणि मामांनी झाकण वाचायला घेतलं. झाकण गोल, अक्षरंही गोल फिरलेली, त्यामुळे मामाही मांडवात उभ्या उभ्या हळूहळू फिरत होते. वाचून होईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं. ते शांतपणे पिऊन टाकत म्हणाले, "पातळ झाला तर झाला. काय पोटात गेला ता कळला तरी." ज्या वस्तूवर काही छापलेलं नाही तिच्यापुढे मात्र त्यांचा नाइलाज होई. दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईच्या पाटीतला बांगडा त्यांनी एकदा उचलला, उलटा करून पोटाकडून बघितला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "गो, ह्येच्यात मीठ किती आसात?" ती म्हणाली, "ता दर्याक इचारा, मामानू. माका फक्त भाव ठावक." मामा हसले नाहीत. बांगडा पाटीत ठेवून ते थोडा वेळ माडांपलीकडे, जिथून गाज ऐकू येते, त्या बाजूला बघत राहिले. त्यांना ते उत्तर बहुधा पटलं असावं.

हे वेड त्यांना आधीपासून नव्हतं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर नुसती टिंगल केल्यासारखं होईल. नोकरीत असताना हा माणूस खारा बांगडा चुलीत भाजून, त्यावर खोबरेल सोडून, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खाणारा होता आणि त्याला कुठल्याही चौकोनाशी कर्तव्य नव्हतं. निवृत्तीनंतर वर्षभरातच मामींचे पाय सुजायला लागले. विहिरीवरून घागर आणताना धाप लागायची. मालवणातल्या तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय थकलेलं आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि मीठ अगदी कमी करायचं. उठता उठता ते आणखी एक वाक्य बोलले, "पाकिटातलं काही देणार असाल तर मागे वाचून बघा, सोडियम किती आहे ते." डॉक्टर हे वाक्य दिवसातून कितीतरी जणांना सांगत असतील आणि ऐकणारे दाराबाहेर पडेपर्यंत विसरत असतील. मामांनी ते लेखी आदेश आल्यासारखं डोक्यावर घेतलं. त्याच संध्याकाळी त्यांनी भिंग विकत आणलं.

मग घरातल्या बरण्या निघाल्या. खारे बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे सुकवलेली कोळंबी, मामींनी हौसेने घातलेलं कैरीचं लोणचं, आमसुलाचं खारं आगळसुद्धा, सगळं मामांनी स्वतः उचलून शेजारीपाजारी नेऊन दिलं. मामी माजघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या हातच्या झणझणीत माशांच्या तिकल्यासाठी वाडीतली माणसं काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळेला यायची, आणि आता त्यांच्याच पानात बिनमिठाची आमटी पडू लागली. त्या तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. फक्त त्यांचं जेवण कमी होत गेलं. आधी भात अर्धा झाला, मग भाकरी नकोशी झाली, मग पेजेच्या दोन घोटांवर त्या ताट सरकवू लागल्या. माझी बायको सुषमा, म्हणजे त्यांची भाची, समजावायला गेली की म्हणत, "जिभेक काय लागतच नाय गो. पाणी चावल्यासारख्या होता." हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं की ह्या अशाच जेवेनाशा राहिल्या तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग होणार नाही, काहीही करा पण पोटात अन्न जाऊ दे. मामा घरी आले आणि पडवीत बसून राहिले. मीठ दिलं तर बायको जाईल आणि नाही दिलं तरी जाईल, एवढंच त्यांना कळलं होतं. त्या दिवसांत ते फार वाचत. मिळेल ते पाकीट वाचत, जणू कुठल्यातरी पाकिटावर ह्यातून सुटायचा मार्ग छापलेला असेल.

अशात त्यांचा मुलगा विजय सुट्टीवर आला. विजय मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्याने एक काचेची बरणी आणली होती. आत केशरी-पिवळं काहीतरी दाट, मधे हिरव्या-लाल मिरच्यांचे तुकडे. तिखट चीज डिप, असं विजयने सांगितलं. तिकडचे लोक त्यात मक्याचे वेफर बुडवून खातात आणि सोबत फुटबॉल बघतात, ही माहितीही दिली. आम्ही सगळे त्या दिवशी तिथेच होतो. सुषमा घावणे काढत होती. मामांनी बरणी हातात घेतली, चष्मा पुसला आणि खिडकीपाशी उभे राहिले. विजयने बरणीचं झाकण उघडून बघता बघता थोडं डिप बशीत काढून ठेवलं होतं, हा नियमभंग मामांच्या लक्षात आला नाही. त्यांचा सगळा जीव त्या चौकोनात होता, कारण असला चौकोन त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपल्याकडच्या पाकिटांवर तेव्हा चार-पाच ओळींत आटोपायचं. इथे ओळीच ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे टक्के.

"प्रमाण, माणशी दोन चमचे," मामांनी सुरुवात केली. "स्निग्ध पदार्थ. त्यापैकी संपृक्त. बापरे. कोलेस्टेरॉल, आहे. प्रथिने, नाममात्र. तंतुमय पदार्थ, निरंक. जीवनसत्त्व क, निरंक. लोह, निरंक." आवाज खाली खाली जात होता. कचेरीत एखाद्या दुकानदाराचा घोटाळा वाचून दाखवताना जात असेल तसा. "कॅल्शियम, थोडंफार आहे, ते मान्य करावं लागेल." मग ते थांबले. भिंग आणखी जवळ नेलं. "सोडियम," असं म्हणून त्यांनी आकडा वाचला, पुढचे टक्के वाचले, आणि बरणी हद्दपार करण्यासाठी मान वर केली.

मामींच्या समोरची बशी रिकामी होती. घावणाही नव्हता. त्यांनी दुसरा घावणा मोडून बशीच्या कडेचं पुसून घेतलं होतं आणि तो तोंडात घालत होत्या. कित्येक आठवड्यांत त्यांना काही चावून खाताना आम्ही बघितलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर तिखटाने घाम आला होता. मामांच्या हातातल्या बरणीकडे बघत त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "बरा आसा ह्या. आणखी थोडा आसा?"

मामांनी भिंग खिशात ठेवलं. बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि माडांखाली जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता घरात भांडण होणार. संध्याकाळी ते आत आले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या किचकट प्रकरणाचा निकाल लागल्यासारखा दिसत होता. त्यांनी आम्हां सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की आजपासून आपल्या एकट्याच्या जेवणात मीठ घालायचं नाही. आम्हांला काही कळेना. मग मामांनी समजावलं. रेशनकार्डावर जितकी माणसं तितकी युनिटं, आणि जितकी युनिटं तितका धान्याचा कोटा. घरातला एखादा माणूस जेवत नसला तरी त्याचं युनिट कार्डावर असतंच, त्याच्या वाट्याचं घरातलं दुसरं कोणीतरी खातं, त्यात काही गैर नाही. "बरणीर काय लिवलेला आसा? दिवसाच्या कोट्यापैकी इतके टक्के. माणशी. म्हणजे मिठाचो पण कोटो आसा. माझो कोटो माका नको. तो तिच्या नावार चढवलंय."

विजय हसायला लागला आणि हसता हसता थांबला. मामा विनोद करत नव्हते. सबंध नोकरीभर त्यांनी कोटा नावाची वस्तू घराघरांत वाटली होती आणि एका घरात ती कोणाच्याही ताटात गेली तरी हिशेब बरोबर येतो, हे त्यांनी रोज बघितलं होतं. शरीर ही गोष्ट त्याहून वेगळी चालते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बरणी कापडात गुंडाळून ते डॉक्टरांकडे गेले. सोबत मी होतो. डॉक्टरांसमोर मामा अर्थातच शुद्ध मराठीत बोलले आणि सगळा प्रस्ताव क्रमवार मांडला. डॉक्टरांनी बरणी फिरवून वाचली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मामा, मीठ असं एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. त्यांचं शरीर वेगळं, तुमचं वेगळं."

"शरीरं दोन असतील, डॉक्टर," मामा म्हणाले. "कार्ड एक आहे."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. तरुण माणूस, नवं नवं लग्न झालेलं. मग त्यांनी बरणी पुन्हा जवळ ओढली आणि कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मामींचं बाकीचं सगळं जेवण पूर्ण अळणी ठेवायचं, मिठाचा कणही नको, आणि त्या अटीवर ह्यातला एक चमचा दुपारी, एक रात्री. तेवढं सोडियम त्यांच्याच वाट्यात बसतं. पायांची सूज रोज बघायची, वाढली तर लगेच बंद. "आणि तुम्ही खुशाल मीठ खा," ते शेवटी म्हणाले. मामांनी हात जोडले, बरणी गुंडाळली आणि बाहेर पडल्यावर मला सांगितलं, "मंजूर झाला, जावयानू." डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं, किंवा नामंजूर केलं होतं.

त्या दिवसापासून मामींचं जेवण सुरू झालं. घावण्याबरोबर, भाकरीबरोबर, कधी भाताच्या मुदीवर त्या पिवळ्या चटणीचा एक चमचा. चीज डिप हे नाव त्यांनी कधी घेतलं नाही. वेफर आणि फुटबॉल ह्यांच्यासाठी जन्माला आलेली ती वस्तू आमच्याकडे पेजेच्या ताटात रुळली. त्याच ताटाशेजारी मामा अळणी आमटी जेवत. लग्नामुंजीत, सत्यनारायणात ते यजमानाला आधी जाऊन सांगत आणि पानातलं मीठ बाजूला सारत. लोक विचारत, "काय मामानू, प्रेशर काय?" मामा उत्तर देत, "प्रेशर नाय. बदली." विचारणारा गोंधळून निघून जाई. बिनमिठाचा तिकला खाताना त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. तो कौतुकाने बघावा असा नव्हता. सुरुवातीला मामी चिडत, "ह्येंच्या डोक्यातसून ओरोस अजून जाऊक नाय," म्हणत. पुढे एकदा सुषमाने त्यांना विचारलं की मामी, तुम्हांला तरी हे पटतं का. मामी पाटावर बसून ताट पुसत होत्या. म्हणाल्या, "माका काय कळता त्यातला? पण मी जेवान नाय उठलंय तर ह्येंचा अळणी खाणा फुकट जातला. म्हणान खातंय." त्यांना नको असतानाही त्या ताट संपवत, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. डॉक्टरांच्या गोळ्या आपलं काम करत असतीलच. पण त्या गोळ्यांना पोटात अन्न मिळत होतं ते ह्या चुकीच्या हिशेबामुळे, असं मला वाटतं.

विजय जहाजावर गेला की बरणी संपायची आणि घरात चिंता सुरू व्हायची. मग सुषमाने कुडाळहून चीजची वडी आणून, दुधात विरघळवून, त्यात मालवणी मसाला घालून तसलंच डिप घरी केलं. चव मूळच्या वर गेली. पण त्याला चौकोन नव्हता. मामा दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी चीजच्या वेष्टणावरचं आणि दुधाच्या पिशवीवरचं वाचून, त्यांची बेरीज करून त्यांनी स्वतःच त्या डिपचा चौकोन तयार केला आणि प्रत्येक वेळी बरणी भरली की उभं राहून तोंडपाठ म्हणू लागले. मसाल्यापाशी मात्र अडायचे. जिथे मिरच्या कांडून आणल्या तिथल्या बाईलाही विचारून आले, पण तिला फक्त मिरच्या, धणे आणि बडीशेप एवढंच सांगता आलं. म्हणून त्या ओळीला मामा क्षणभर थांबत आणि "मसाला, माहिती मागवली आहे," असं म्हणून पुढे जात. मामी चमचा हातात धरून मुकाट्याने ऐकत. त्यांनी एकदाही आधी चमचा बुडवला नाही. बहुतेक त्यांना ते मंत्र म्हटल्यासारखं वाटत असावं.

ही अशी काही वर्षं मिळाली. डॉक्टरांनाही एवढ्याची आशा नव्हती. मग एका आश्विनात, दुपारी जेवून पडलेल्या मामी चहाला उठल्या नाहीत. मामांनी हाक मारली, पुन्हा मारली, आणि शेजारच्यांना बोलावलं. आम्ही कुडाळहून पोचलो तेव्हा ते त्यांच्या पायांशी बसून होते. मला म्हणाले, "सूज नाय हा. बघा. आज अजिबात सूज नाय." मी बघितलं. सूज खरंच नव्हती. मी त्यांच्याजवळ बसलो.

विजय भर समुद्रात होता. तो कसाबसा तेराव्याला पोचला. त्याच्या पिशवीत आईसाठी आधीच घेऊन ठेवलेली बरणी होती. ती त्याने पडवीतल्या बाकावर ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. परसात केळीच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढून कावळ्यासाठी ठेवायचं होतं, ह्याला आमच्याकडे वाडी ठेवणं म्हणतात. सुषमाने भात, आमटी, वडे, खीर सगळं वाढलं. सवयीने तिने बरणी मामांकडे नेली. मामांनी ती हातात घेतली. चष्मा त्यांच्या नाकावर होता, भिंग खिशात होतं आणि उजेड चांगला होता. आम्ही सगळे, भटजीसुद्धा, थांबून राहिलो.

मामांनी काही वाचलं नाही. झाकण फिरवून काढलं, खाली वाकले आणि अख्खी बरणी त्या पानावर उपडी केली. बोटाने आतलं होतं नव्हतं तेही काढून ठेवलं. मग पानाला नमस्कार करून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "खा गो. पोटभर खा. आता काय मोजूक नको."

आम्ही हात-पाय धुऊन घरात आलो. पंगत बसली. सुषमा मामांसाठी वेगळी ठेवलेली अळणी आमटी घेऊन आली, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला. तिला वाटलं त्यांना जेवण जाणार नाही. ती वाकून म्हणाली, "मामा, दोन घास तरी खावा."

"जेवतंय गो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बरा होता, फक्त डोळे पानावरून उठत नव्हते. "माका मीठ वाढ."